व्हॉल्व्हला काय कळतं, काय कळत नाही

दोन अंकांपूर्वी याच पानावर शेगडीची रबरी नळी कधी बदलावी, याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर सांगली, मिरज, तासगाव, साताऱ्याकडून बरीच पत्रं आली. गंमत म्हणजे नळीबद्दल थोडं आणि ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’बद्दलच जास्त. त्यातली काही निवडून उत्तरं देतोय. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: मी सांगलीचा, गॅस लाइनचा फिटर. घरं, खाणावळी, मंगल कार्यालयं मिळून तेहेतीस वर्षं तांब्याच्या लाइनी टाकल्या आणि प्रत्येक जोड साबणाचा फेस लावून स्वतःच्या डोळ्यांनी तपासला.

*काका, आमच्या अपार्टमेंटमध्ये एक विक्रेता आला होता. टाकी आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये त्यानं पितळी डबीसारखं यंत्र बसवलं, त्यावर घड्याळासारखा काटा. मग शेगडी पेटलेली असतानाच नळी खसकन ओढून काढली. ‘टक’ आवाज आला आणि गॅस बंद! पाच-सहा जणींनी लगेच घेतलं. मीही घ्यावं का?*
*– सौ. व. कु., विश्रामबाग, सांगली*

ताई, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं त्यात खोटं काही नव्हतं. त्या डबीत एक छोटी चकती आणि तिला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग असते. गॅस नेहमीच्या गतीनं चालला असेल तोवर स्प्रिंग जिंकते. नळी निघाली की गॅसचा लोंढा सुटतो, तो चकतीला पुढे ढकलतो, चकती भोकावर बसते आणि वाट बंद. याला ‘एक्सेस फ्लो व्हॉल्व्ह’ म्हणतात. मी स्वतः कितीतरी लाइनींत बसवलेत आणि आजही बसवतो.

पण त्याला फक्त गती कळते. गॅस जळतोय की नुसताच खोलीत साठतोय, हे त्याला कळायला काही साधन नाही. आणि आपल्या घरांत गळती होते कशी, ते आठवा. नळी एकदम निघाल्याचं मी फार कमी पाहिलंय. दूध उतू जाऊन ज्योत विझते. नातवंडं खेळता खेळता कॉक अर्धवट फिरवतात. नळीला तोंडाजवळ बारीक चीर पडते. अशा वेळी गॅस जातो तो शेगडीच्या रोजच्या खर्चापेक्षा कमीच. दोन बर्नरची शेगडी मोठ्या आचेवर चालली तर तासाला अंदाजे तीनशे ग्रॅम गॅस खाते. लहान बर्नर विझून नुसता उघडा राहिला, तर शंभरेक ग्रॅम. व्हॉल्व्ह तीनशेलाही बंद पडता कामा नये, नाहीतर तुमचा स्वयंपाकच होणार नाही. मग शंभराला तो कशाला हलेल?

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. गावभागात एका जुन्या वाड्यात एक आजी एकट्या राहायच्या, मुलगा पुण्याला. मुलाच्या सांगण्यावरून मी परसदारच्या पडवीत टाकी ठेवून स्वयंपाकघरापर्यंत तांब्याची लाइन टाकली आणि लाइनीत हा व्हॉल्व्ह बसवला. निघताना आजींना म्हटलं, “आता निर्धास्त झोपा.” दोन महिन्यांनी, ऐन श्रावणात, सकाळी सकाळी शेजारचा मुलगा सायकलवर मला बोलवायला आला. आजींनी लहान बर्नरवर दूध ठेवलं होतं आणि त्या देवपूजेला बसल्या होत्या. दूध उतू गेलं, ज्योत विझली. वयामुळे आजींचं नाक काम करत नव्हतं. बोळातून जाणाऱ्या भाजीवालीला वास आला. त्या बाईचं शहाणपण असं, की तिनं दारावरची बेल वाजवली नाही. हाका मारल्या, कडी वाजवली, आजींना हाताला धरून बाहेर काढलं आणि शेजाऱ्यांकडून परसदारची टाकी बंद करून घेतली.

मी पोचलो तेव्हा दारं-खिडक्या उघडून बराच वेळ झाला होता. बर्नरवर दुधाची साय करपून चिकटलेली. मी बसवलेला व्हॉल्व्ह जसाच्या तसा, उघडा. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. त्याच्या दृष्टीनं काही घडलंच नव्हतं. देवघरात समई तेवत होती. स्वयंपाकघर देवघरापेक्षा एक पायरी खाली, आणि मध्ये जुन्या वाड्यांना असतो तसा वीतभर उंच सागवानी उंबरा. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड, दीडपट ते दुप्पट. तो पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि सखल जागी साचतो. त्या उंबऱ्यानं तो अडवून धरला होता. मी उंबऱ्यावर हात ठेवून किती वेळ उभा होतो, मला आठवत नाही. ‘निर्धास्त झोपा’ हे शब्द त्यानंतर मी कुठल्याही गिऱ्हाइकाला बोललो नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. टाकीचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये दुसरी कुठलीही वस्तू बसवू नका, असं तेल कंपन्याच सांगतात, आणि मला ते पटतं. टाकीत आपल्याकडच्या हवेत चौरस सेंटिमीटरला पाच-सहा किलो दाब असतो, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. रेग्युलेटर तो ३० ग्रॅमवर आणतो. तीस ग्रॅम म्हणजे किती? बादलीत फूटभर खोल नळी बुडवून फुंकर मारली आणि खालून बुडबुडा आला, तेवढा. म्हणजे ती डबी तुम्ही बसवता ती जास्त दाबाच्या बाजूला, आणि तिथे एक जोड आणि एक वायसर वाढवता. प्रत्येक जोड ही उद्याच्या गळतीची जागा असते, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

पैसे खर्च करायचेच असतील, तर पुढची शेगडी घेताना ‘फ्लेम फेल्युअर’ची सोय असलेली घ्या. बर्नरच्या कडेला पेन्सिलीच्या टोकाएवढी सळई दिसते, ती ज्योतीत तापत राहते. तापलेली असेपर्यंत तिच्यातून अगदी थोडी वीज तयार होते आणि तेवढ्या विजेवर आतला लोहचुंबक गॅसची वाट उघडी धरतो. ज्योत विझली, सळई गार झाली, की मिनिटभरात वाट बंद. पेटवताना कॉक दोन-चार सेकंद दाबून धरावा लागतो, त्याला कंटाळून लोक तक्रार करतात. मी म्हणतो, ते चार सेकंद द्या. आजींच्या घरी हवी होती ती ही सोय.

*घरात सासूबाई आहेत, त्यांना वास येत नाही. डिटेक्टर आणि आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह लावून घेतला. पण आमच्या मळ्यात वीज गेली की गॅसही बंद होतो. बेदाण्याच्या दिवसांत माणसं जेवायला असतात, चूल कशी पेटवायची? फिटर म्हणतो, बाजूनं एक पाइप काढून देतो.*
*– सौ. सु. पा., तासगाव तालुका*

त्या फिटरला तो पाइप काढू देऊ नका. बाजूनं वाट काढली की व्हॉल्व्ह नुसता भिंतीवरचा दागिना होतो. वीज असताना कोणीतरी ती वाट उघडी विसरणार, आणि सासूबाई त्याच स्वयंपाकघरात वावरणार.

तुमच्याकडे बसवलाय तो सोलेनॉइड व्हॉल्व्ह. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे. त्यातून वीज वाहत असेपर्यंत ते दांडा वर उचलून धरतं, वीज बंद झाली की स्प्रिंग दांडा खाली पाडते. वीज गेल्यावर बंद होणं ही त्याची खोड नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. पण तुमच्या भागातलं भारनियमन पाहता दुसरा प्रकार घ्या: डिटेक्टरनं इशारा दिला की एका झटक्यात बंद होणारा आणि पुन्हा हातानं खटका ओढल्याशिवाय न उघडणारा. तो उघडा ठेवायला सतत वीज लागत नाही. फक्त डिटेक्टरला बॅटरीचा आधार हवा, नाहीतर वीज नसताना तो आंधळा. हातानं उघडावा लागतो यात एक मोठा फायदा आहे: कोणीतरी माणूस तिथे जाऊन, वास घेऊन, का बंद झाला याचा विचार करूनच तो उघडतो.

डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर असावा, कारण टाकीचा गॅस खाली बसतो. तुमच्या फिटरनं तो डोक्याच्या उंचीला लावला असेल तर आधी खाली घ्या. मी दहातले निम्मे डिटेक्टर चुकीच्या उंचीवर पाहिलेत, ‘खाली लावला तर झाडू लागतो’ म्हणून. शिवाय त्यावरचं ‘टेस्ट’चं बटण दाबल्यावर भोंगा वाजतो, त्यानं भोंगा चांगला आहे एवढंच कळतं. आतल्या सेन्सरचं आयुष्य ठरलेलं असतं, ते डबीवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ती तारीख पेननं भिंतीवर लिहून ठेवा. डासांचा फवारा किंवा सॅनिटायझर जवळ मारला तर तो उगाच ओरडू शकतो. म्हणून चिडून पिन काढून ठेवू नका.

*विश्रामबागेतल्या आमच्या नव्या सोसायटीत पाइपचा गॅस येणार म्हणतात. जुना डिटेक्टर चालेल ना?*
*– श्री. अ. जो., सांगली*

यंत्र चालेल की नाही ते त्यावर कुठल्या गॅससाठी लिहिलंय ते पाहून ठरवा. जागा मात्र नक्की बदलावी लागेल. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. डिटेक्टर छताखाली फूटभर अंतरावर हवा. खाली लावलेल्या डिटेक्टरला तो फार उशिरा कळेल. शेगडीतल्या गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या, म्हणजे जेटही बदलतात, त्यांचं भोक मोठं लागतं; ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. घरात येणाऱ्या लाइनीवर बॉल व्हॉल्व्ह असतो: दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. घरातल्या प्रत्येकाला, आठवीतल्या मुलालासुद्धा, ती एकदा हातानं फिरवायला लावा. बाहेर मोठ्या लाइनीतला ४ बारचा दाब टप्प्याटप्प्यानं उतरवून घरात २१ मिलिबारवर आणतात. त्या वाटेवर दाब प्रमाणाबाहेर वाढला तर खटकन मिटणारे व्हॉल्व्ह असतात. ते कंपनीच्या ताब्यात. तुमच्या ताब्यातली फक्त ती दांडी.

*महापुरात आमचं घर बुडालं होतं. शेगडी, टाकी, रेग्युलेटर सगळं पाण्याखाली. रेग्युलेटर धुऊन, उन्हात वाळवून वापरतोय, व्यवस्थित चालतो. तरी मनात धाकधूक आहे.*
*– श्री. द. मा., कृष्णाकाठ*

दादा, रेग्युलेटर आजच बदला. हे पत्र वाचून पहिलं काम ते करा, पुढचं उत्तर नंतर वाचा.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर गल्लीगल्लीत दारापुढे धुतलेल्या शेगड्या आणि रेग्युलेटर उन्हात मांडून ठेवलेले मी पाहिले. माणसं तेवढ्याच आशेवर होती. संसारातलं जे वाचेल ते वाचवायचं. मी त्या दिवसांत बाद झालेला एक रेग्युलेटर घरी आणून कापून पाहिला. तुम्हालाही कळावं म्हणून आत काय असतं ते सांगतो. दोन वाट्या एकमेकींवर दाबलेल्या, मध्ये पातळ रबराचा पडदा. पडद्याच्या वर स्प्रिंग, खाली गॅस. वरच्या वाटीला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, त्यातून पडदा श्वास घेतो. गॅसचा दाब वाढला की पडदा वर उचलला जातो आणि आतली वाट अरुंद होते. दाब घटला की खाली येतो आणि वाट मोठी होते. दिवसातून हजारदा हे वर-खाली चालू असतं, म्हणून तुमची ज्योत एकसारखी राहते.

त्या रेग्युलेटरच्या वरच्या वाटीत कृष्णेचा काळा, मऊ गाळ होता, तव्याला बेसन चिकटावं तसा पडद्यावर वाळलेला. ते बारीक भोक गच्च बुजलेलं. बाहेरून मात्र धुऊन-पुसून लखलखीत. असा पडदा एखाद्या दिवशी हवा तसा वर उचलला जाणार नाही, आणि तीस ग्रॅम सोसायला बनवलेल्या नळीवर त्याच्या कितीतरी पट दाब येईल. तो दिवस कोणता, हे सांगता येत नाही, म्हणूनच ‘व्यवस्थित चालतो’ यावर विसंबता येत नाही. एजन्सीत जाऊन बदलून घ्या, नळीही नवी घ्या. टाकी बुडाली असेल तर तिच्या व्हॉल्व्हच्या तोंडातही गाळ जातो. आत एक पिन आणि स्प्रिंग असते, रेग्युलेटर काढला की तीच गॅस रोखते. तिथे वाळूचा कण अडकला तर ती नीट मिटत नाही. टाकी एजन्सीला परत द्या, घरात काडीनं वगैरे साफ करत बसू नका.

आणखी एक. भरलेली टाकीसुद्धा पाण्यावर तरंगते. बऱ्याच जणांना हे खरं वाटत नाही. घरगुती टाकीच्या पोटात ३३ लिटर पाणी मावेल एवढी जागा, आणि १४.२ किलो गॅस धरून भरलेल्या टाकीचं वजन तीसेक किलो. हिशेब करा. पाणी चढलं की टाकी उचलली जाते, नळीला हिसका देते, शेगडी ओढून खाली पाडते. म्हणून घर सोडताना, कितीही घाई असली तरी, रेग्युलेटर काढा, दोरीची ती टोपी व्हॉल्व्हवर घट्ट बसवा आणि टाकी उभी ठेवून खिडकीच्या गजाला बांधा. वरचा मजला असेल तर वर न्या.

*आमची मिरजेत दवाखान्याजवळ खाणावळ आहे. मागच्या बोळात १९ किलोच्या चार टाक्या जोडल्यात. कुठले व्हॉल्व्ह असायलाच हवेत?*
*– श्री. इ. मु., मिरज*

भाई, मागून पुढे येऊ. प्रत्येक टाकीकडून येणारी जी वाकडी नळी, आपण पिगटेल म्हणतो, ती मुख्य पाइपाला मिळते तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. तो गॅस एकाच दिशेला जाऊ देतो. तो नसेल किंवा अडकला असेल, तर एक टाकी बदलायला पिगटेल सोडली की बाकीच्या तिघींचा गॅस उलटा फिरून त्या उघड्या तोंडातून माणसाच्या अंगावर येतो. खाणावळीत टाकी बदलतो तो बहुतेक पोऱ्या, तीन फुटांवर भट्टी पेटलेली. मला या एका व्हॉल्व्हची सर्वांत जास्त काळजी वाटते, आणि नेमका तोच कोणी तपासत नाही. पोऱ्याला सांगा: आधी चारही टाक्या बंद, मग भट्ट्या बंद, मगच पाना लावायचा.

त्यापुढे दाब कमी करणारा रेग्युलेटर. मग बोळातून लाइन आत शिरते तिथे बॉल व्हॉल्व्ह. तो कुठे असावा? स्वयंपाकी घाबरून बाहेर पळताना त्याचा हात जिथे सहज पोचेल तिथे. एका ठिकाणी मला तो तांदळाच्या पोत्यांमागे सापडला होता. पोती हलवायला दोन माणसं लागली. भट्टीपाशी प्रत्येकीला वेगळा कॉक. आणि तुमच्यासारख्या बंदिस्त स्वयंपाकघरात डिटेक्टरला जोडलेला बंद होणारा व्हॉल्व्ह हवाच, पण तो बाहेर बोळात, टाक्यांजवळ. आत बसवला तर त्याच्या मागची सगळी लाइन तशीच भरलेली राहते.

टाक्यांजवळ गटाराचं तोंड आहे का बघा. जड गॅस गटारात उतरला तर कुठल्या घरात निघेल सांगता येत नाही. आणि परवान्याशिवाय १०० किलोपर्यंतच गॅस ठेवता येतो. चार टाक्यांचे ७६ होतात, पाचवी धरली तर ९५. रिकाम्यांच्या जोडीला सहावी भरलेली आणून ठेवायचा मोह होतो, तो टाळा.

*पाचगणीला आमचं छोटं हॉटेल आहे. थंडीत टाकीवर दव धरतं, आच मंदावते. आचारी टाकी गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतो. चालतं का?*
*– श्री. रा. भि., जि. सातारा*

नाही. टाकीत गॅस पातळ रूपात असतो. तो उकळून वायू होताना स्वतःची उष्णता वापरतो आणि गार पडतो. त्यातला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळायचाच थांबतो, प्रोपेन उणे ४२पर्यंत उकळत राहतो. म्हणून टाकी अर्धी झाली की थंडीत आच पडते. उपाय एकच: एका टाकीवर सगळा भार टाकू नका, दोन जोडा, म्हणजे प्रत्येकीला कमी ओढ लागेल. टाकी तापवली की आतला दाब किती चढतो ते आचाऱ्याला दिसत नाही. आणि ती आडवी तर कधीच करू नका. पातळ गॅस थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि एका लिटर पातळ गॅसचा अडीचशे लिटर वायू होतो.

*बाथरूममधल्या गॅस गीझरला गळती रोखणारे व्हॉल्व्ह आहेत, असं दुकानदार म्हणाला. मग भीती नाही ना?*
*– कु. प्रा. शि., मिरज*

बाळ, तुझ्या दुकानदारानं खरं सांगितलं, पण अर्धं. गीझरमध्ये ज्योत विझली तर गॅस बंद करणारा व्हॉल्व्ह असतो, पाणी नसेल तर पेटू न देणाराही असतो. पण बाथरूममध्ये माणूस दगावतो तो बहुतेक वेळा गळतीनं नाही.

एका घरी मला ‘गीझर गळतोय का बघा’ म्हणून बोलावलं. तुझ्याच वयाच्या मुलीला आंघोळ करताना दोनदा चक्कर आली होती. मी प्रत्येक जोडाला फेस लावला, अर्धा तास बघत बसलो. एक बुडबुडा आला नाही. वासही नाही. मग वर पाहिलं: थंडी वाजते म्हणून झरोक्याच्या काचांमध्ये वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या, दाराखाली फडकं. गीझर दोन-तीन शेगड्यांएवढा गॅस जाळतो आणि त्याच मापानं हवा खातो. छोट्या बंद खोलीतली हवा पुरत नाही, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. टाकीच्या गॅसमध्ये वास यावा म्हणून मुद्दाम मर्कॅप्टन मिसळतात, तोही जळून गेलेला असतो. इथे गळती नाहीच, तेव्हा कुठल्याच व्हॉल्व्हला काही कळत नाही. त्या दिवशी मी गीझर उतरवला, बाहेरच्या मोकळ्या गॅलरीत लावला आणि नुसतं गरम पाणी पाइपानं आत नेलं. तुमच्याकडेही आईबाबांना हे दाखव आणि तसंच करून घे. तोवर बादलीत पाणी काढायचं, गीझर बंद करायचा, दार थोडा वेळ उघडं ठेवायचं, मग आंघोळ.

*आमच्या विज्ञानाच्या बाईंनी विचारलंय: कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गॅस लाइनचा सेफ्टी व्हॉल्व्ह एकच का?*
*– इयत्ता नववी, पलूस*

कामं उलटी आहेत. कुकरचा उघडतो, लाइनीचा मिटतो. पण दोघांत एक नातं आहे. कुकरच्या झाकणावरच्या बटणात कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू असतो. शिट्टी अडकली आणि कुकर फार तापला की तो वितळून वाफेला वाट देतो. गॅस लाइनीतल्या एका प्रकारच्या व्हॉल्व्हमध्येही असाच वितळणारा तुकडा स्प्रिंगला अडवून धरतो. आग लागली, तुकडा वितळला, स्प्रिंग सुटली, वाट बंद. बाईंना सांग, दोन्ही एकदाच कामाला येतात, मग बदलावे लागतात.

*रोज रात्री रेग्युलेटर बंद केल्यानं तो लवकर खराब होतो, असं घरात सगळे म्हणतात. खरं काय?*
*– सौ. मा. ज., कवठेमहांकाळ*

खराब होत नाही. तो खटका फिरवण्यासाठीच दिलाय. रात्री आणि गावाला जाताना बंद करायचाच. रात्री वास आला, तर दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. अंधारातच रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि घराबाहेर जाऊन १९०६ला फोन करायचा. हा नंबर चोवीस तास लागतो.

गावभागातल्या आजींनी त्या श्रावणानंतर देवाची शेजारती झाली की परसदारी जाऊन टाकी बंद करायचं सुरू केलं. पावसात छत्री घेऊन जायच्या. पाय घसरेल म्हणून मी ओट्याशेजारी, त्यांचा हात पोचेल असा एक बॉल व्हॉल्व्ह लाइनीत बसवून दिला आणि दांडीला लाल दोरा बांधला. तरी त्या दोन्ही बंद करायच्या, आधी दांडी, मग छत्री घेऊन टाकी. तुमच्या रेग्युलेटरचा खटका फिरवताना कडक लागत असेल तर त्यात तेल घालू नका, पक्कड लावू नका. एजन्सीत नेऊन बदलून घ्या.